सातबारा घराचा, रान वाडीचं : जंगल राखण्याच्या मोबदल्याचा हिशेब

कोकणातलं जंगल बहुतेक करून कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं. विदर्भातल्या माणसाला हे पटकन कळत नाही, कारण तिकडे जंगल म्हटलं की वनखात्याचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वनखात्याच्या ताब्यातलं रान थोडं. ऐन, किंजळ, खैर, बेहडा यांनी भरलेले डोंगर बहुतेक खासगी आहेत. दहा-पंधरा वर्षांनी एकदा हे डोंगर तोडायला दिले जातात. ठेकेदार येतो, उभं रान उक्तं घेतो आणि पावसाआधी डोंगर बोडका होतो. झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९६४ पासून आहे, तरी हे चालतंच. दोडामार्ग-सावंतवाडीकडे तर पुन्हा फुटायलाही जागा उरत नाही, कारण तोडलेल्या डोंगरावर रबर किंवा अननस उभा राहतो.

आता वाडीत दुसऱ्या तऱ्हेची माणसंही येऊ लागली आहेत. ती म्हणतात, रान तोडू नका, न तोडण्याचे पैसे आम्ही देतो. कधी ती एखाद्या निसर्गसंस्थेची असतात, कधी कार्बनचं गणित मांडणाऱ्या कंपनीची. कल्पना चांगली आहे. डोंगरावर झाडं राहिली तर खालच्या गावाच्या विहिरीला पाणी राहतं, माती खाडीत जात नाही, हवेतला कार्बन लाकडात अडकतो. याचा फायदा सगळ्यांना होतो आणि तोडीचे पैसे सोडल्याचा तोटा मात्र एका घराला. तेव्हा फायदा घेणाऱ्यांनी त्या घराला काही द्यावं, हे न्यायाचंच आहे. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने ही पद्धत देशभर आणली. तिथे इंधनावरच्या कराचा काही भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना जातो. व्हिएतनामात २०१० च्या सरकारी आदेशानुसार धरणांच्या वीज कंपन्या आणि पाणी कंपन्या वरच्या डोंगरातल्या लोकांना पैसे देतात.

अडचण सुरू होते ती ‘त्या घराला’ या शब्दांपाशी. कोणतं घर?

आमच्याच डोंगराचं सांगते. संगमेश्वर तालुक्यात माझं माहेर. घराच्या वरच्या अंगाला रान आहे आणि त्याच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यातली चौदा माणसं मुंबई, ठाणे, पुण्याला. दोघांना जाऊन बरीच वर्षं झाली, वारसनोंद राहिली आहे. उरलेल्यांपैकी गावात कायम राहणारे तीन. पण त्या रानात रोज जातं कोण? आमच्यातलं कोणीच नाही. खालच्या वाडीतल्या बायका सुकी फाटी आणायला जातात. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला लागणारा पातेरा (सुका पाला) आणि कवळ (पानांच्या डहाळ्या) तिथूनच येतं. वैशाखात पोरं करवंदं, तोरणं काढतात, आषाढात भारंगी आणि फोडशी येते. वरच्या धनगरवाड्याची म्हसरं चरत चरत उतरतात. वाडीची विहीर ज्या झऱ्यावर आहे तो त्या रानाच्या पोटातून येतो. आणि यांतल्या एकाचंही नाव सातबाऱ्यावर नाही.

हे असं का झालं, त्यामागे कोकणचा इतिहास आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक केलं. पण कसणं म्हणजे भात लावणं, नाचणी पेरणं. वरकस, म्हणजे भातखाचरांच्या वरच्या उताराच्या डोंगरावर कोणी नांगर धरत नाही, तिथे फक्त जगण्यापुरतं घेतलं जातं. त्यामुळे भाताच्या खाचराला कुळाचं नाव लागलं आणि डोंगर जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, असं अनेक गावांत दिसतं. वादही चालू आहेत. धनगरवाड्यांना आणि रायगडकडच्या कातकरी वाड्यांना तर राहत्या घराखालची जागा नावावर करून घेतानाच पिढ्या गेल्या. रान वापरण्याचा त्यांचा हक्क चालीरीतीत आहे, कागदावर नाही.

म्हणून पैसे सातबारा बघून दिले की काय होतं, ते आकड्यांनी पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, मी धरलेले. समजा चाळीस एकर रान आहे. ठेकेदार पंधरा वर्षांतून एकदा तोडीचे ६ लाख देतो, म्हणजे वर्षाला ४० हजार पडले. संस्थेने मालकांना वर्षाला ४० हजार दिले तर त्यांचा तोटा भरून निघाला. पण करारात कलम आहे: रान पूर्ण बंद, ना फाटी, ना गुरं. खालच्या वाडीत बारा घरं आहेत. फाटी बंद झाल्यावर प्रत्येक घराला वर्षाला पाच सिलिंडर जास्तीचे लागतील. एक सिलिंडर ९०० रुपये धरला तर एका घराचे साडेचार हजार, बारा घरांचे ५४ हजार. गुरांचा चारा, पातेरा, रानभाजी यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

म्हणजे रान राखण्याची खरी किंमत वर्षाला ९४ हजार. त्यातले ४० हजार ज्यांना मिळाले त्यांतले बरेच जण डोंबिवलीला राहतात, आणि ज्यांनी ५४ हजार सोसले त्यांना कोणी विचारलंही नाही. कागदावर हा व्यवहार चोख आहे. मालकाची संमती आहे, पैसे वेळेवर पोचले आहेत, रान वाचलं आहे. तरीही हा अन्याय आहे, आणि तो रानाच्या मुळावरही येतो. रानाला आग लागली तर विझवायला धावणार तीच वाडी, आणि चोरून तोडणारा दिसला तर ओरडणारीही तीच.

मेक्सिकोत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथलं बरंचसं जंगल एहिदो नावाच्या ग्रामसमूहांच्या मालकीचं आहे. सरकारने २००३ पासून पाणलोटातलं जंगल राखण्यासाठी पैसे देणं सुरू केलं, ते बहुतेक या समूहांना. वरवर पाहता आदर्श व्यवस्था: पैसा सगळ्या गावाचा, ठराव सभेत. पण एहिदोच्या सभासदांची यादी ठरलेली असते आणि सभासदाचा हक्क एकाच वारसाकडे जातो. धाकटे भाऊ, नंतर वस्तीला आलेली माणसं गावातच राहतात, पण सभेत त्यांना मत नाही आणि वाट्यावर हक्कही नाही. तेव्हा पैसे एका मालकाला न देता समूहाला दिले म्हणजे न्याय झाला असं समजू नये. समूहात कोण मोजलं जातं हे आधी विचारावं लागतं. आपल्याकडे ग्रामसभेचं नाव घेतलं जातं, पण आमच्या गावची ग्रामसभा सकाळी अकराला भरते. त्या वेळेला बाई रानात किंवा शेतावर असते.

दुसरी गाठ याहून अवघड आहे. पैसे देणाऱ्याला हमी हवी असते की त्याच्या पैशाने काहीतरी बदललं. जे रान तसंही तुटणार नव्हतं, त्याला पैसे देऊन काय मिळालं, असं तो विचारतो. कार्बनच्या बाजारात, जिथे कंपन्या आपल्या धुराच्या बदल्यात ‘क्रेडिट’ विकत घेतात, तिथे तर हा पहिला नियम आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि तो टन तुमच्या प्रकल्पामुळेच वाचला असं दाखवावं लागतं. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पण वाडीत उभं राहून ऐका. ज्याने कुऱ्हाड उगारली त्याला पैसे, आणि ज्याच्या आजोबांनी, बापाने आणि त्याने स्वतः डोंगराला हात लावला नाही त्याला सांगायचं की तुमचं रान सुरक्षित आहे, तुम्ही योजनेत बसत नाही. शेजारचा सगळं विकून मोकळा झाला तर त्याला वृक्षलागवडीचं अनुदान, आणि राखणाऱ्याला शाबासकीसुद्धा नाही. लोकांना हे झोंबतं. मला वाटतं ते बरोबरच झोंबतं. यातून पुढच्या माणसाला कळतं की राखून काही मिळत नाही, आधी धाक घालावा लागतो.

याचं टोक म्हणजे देवराई. तळकोकणात तिला देवरहाटी म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचं महत्त्व शास्त्रज्ञांना उमगलं. गावाला ते आधीच ठाऊक होतं. देवीच्या रानातलं लाकूड घरात न्यायचं नाही, न्यायची वेळ आलीच तर कौल लावायचा. कोणी एक पैसा न देता शेकडो वर्षं हे रान उभं आहे. ‘काय बदललं’ या कसोटीवर देवराईला शून्य मार्क पडतात. शिवाय सिंधुदुर्गात अनेक देवरहाट्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव आहे, म्हणजे मालकीच्या कसोटीवरही गाव बाद. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात सुचवलं होतं की देवराया राखणाऱ्यांना, पारंपरिक वाण जपणाऱ्यांना संवर्धनाच्या सेवेचा मोबदला द्यावा. त्या अहवालावर कोकणात खाणी आणि बंदीच्या नावाने इतका धुरळा उडाला की ही शिफारस कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

देवराईला पैसे द्यावेत का, यावर मात्र मी दोन्ही बाजूंनी विचार करते. पैसा आला की नातं बदलतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पालकांच्या लेखी ती विकतची सोय झाली. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. एकदा गेलेली लाज परत आली नाही. उद्या देवराईला एकरी दर लागला आणि पाच वर्षांनी योजना बंद पडली, तर सहाव्या वर्षी कौल लावायला किती जण थांबतील? माझं मत असं की देवराईसाठी द्यायचंच तर एकरी दराने देऊ नये. गावाला लागणाऱ्या गोष्टीसाठी द्यावं: देवळाकडचा पाणवठा बांधून द्यावा, रानाची हद्द मोजून गावाच्या नावाने नोंदवून द्यावी. हद्द कायम होणं हे गावाला कुठल्याही चेकपेक्षा जास्त मोलाचं आहे.

पैसा मुळात आहे का, तर आहे. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देताना जंगलाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्याने ते १० टक्के केलं. जंगल राखणाऱ्या राज्याला जास्त वाटा, हा मोबदलाच झाला. पण तो राज्याच्या तिजोरीत जातो, वाडीपर्यंत उतरत नाही. धरण, खाण, रस्ता यांसाठी वनजमीन घेणाऱ्यांकडून जो पैसा गोळा होतो, त्यातले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये केंद्राने २०१९ च्या ऑगस्टमध्ये राज्यांना वर्ग केले. तो वनखात्यामार्फत, मुख्यतः लागवडीवर खर्च होतो. रानातली वाट ज्यांची बंद झाली त्यांच्या हातात त्यातलं थेट काही पडत नाही.

लहान प्रमाणावर मात्र बरे मार्ग दिसतात. हिमाचलमधल्या पालमपूर नगरपरिषदेने २०१० साली वरच्या गावांशी करार केला. शहराला पाणी पुरवणाऱ्या बोहल झऱ्याचं रान गावांनी राखायचं आणि नगरपरिषदेने त्यांच्या समितीला वर्षाला १० हजार द्यायचे. रक्कम फारच लहान आहे, पण देणारा कोण, घेणारा कोण आणि कशासाठी, हे दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. कोकणात हे सहज करता येईल. चिपळूण, देवरूख, सावंतवाडी यांचं पाणी कुठल्या डोंगरातून येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पाणीपट्टीतला एक हिस्सा त्या डोंगराखालच्या वाड्यांना गेला तर त्याला कार्बनची भाषा लागत नाही.

दुसरा मार्ग रानातल्या वस्तूला नीट भाव देण्याचा. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर भागात जमीनमालकांशी रान राखण्याचे करार केले आहेत. हिरडा-बेहडा गोळा करणाऱ्यांना फेअरवाइल्ड या, रानातला माल जपून गोळा केल्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे चांगला भाव मिळावा, यासाठीही ही संस्था उत्तर सह्याद्रीत काम करते. बेहड्याची जुनी, पोकळ झाडं म्हणजे धनेश पक्ष्याची घरटी. फळ विकून पैसे मिळत असतील तर झाड लाकूड म्हणून जात नाही. आणि फळ वेचणाऱ्याचा सातबारा कोणी विचारत नाही, वेचणाऱ्यालाच दाम मिळतो.

किनाऱ्यावरचं एक उदाहरण मला न्यायाचा धडा म्हणून फार आवडतं. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने ठरवलं की जाळ्यात कासव, देवमासा असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई २५ हजारांपर्यंत मिळेल. इथे तोटा कोणाचा? ज्याचं जाळं कापलं त्याचा. पैसे कोणाला? त्यालाच. फोटो लागतात, अर्ज लागतो, पैसे यायला वेळ लागू शकतो, हे खरं. पण किंमत मोजणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन (खारफुटीचं रान) दाखवतात, तिथेही तसंच. खाडी त्यांच्या नावावर नाही, पण वल्हं त्यांच्या हातात आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर याच पुण्याच्या संस्थेने अॅपल कंपनीच्या मदतीतून कांदळवनं राखण्यासाठी गावांशी करार केले. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलेली गावं तिथे आहेत. त्या जमिनीत भात होत नाही, कांदळ मात्र दाट उगवला. कांदळ राखा म्हणताना, ज्याची भातजमीन गेली त्याला ती गेल्याचं दुःखही मोजलं गेलं पाहिजे. नुसतं ‘कार्बन साठवणारी परिसंस्था’ असं म्हटलं की तो शेतकरी त्या वाक्यातून गायब होतो.

कार्बनच्या करारांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हे करार वीस, तीस, चाळीस वर्षांचे असतात. सही करणारा साठीचा असेल तर तो आपल्या नातवाच्या वतीने सही करतो आहे. लाकडाचा भाव वाढेल, पोराला घर बांधायचं असेल, पण रान बांधलेलं राहील. दर दरवर्षी वाढणार की नाही? वणवा लागला तर पैसे परत मागणार का? क्रेडिट किती रुपयांना विकलं आणि मधल्या माणसाने किती ठेवलं, हे वाडीला कळणार का? करार मराठीत आहे का? यांतल्या एकाही प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर सही पुढे ढकलावी. रान कुठे पळून जात नाही.

आमचा डोंगर असा करार करून राखायचा का, हे अजून ठरलेलं नाही. गेल्या मे महिन्यात चाकरमानी आले होते तेव्हा अंगणात बसलो. बैठक मुद्दाम संध्याकाळी ठेवली, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बारा घरांनाही बोलावलं. एका चुलतभावाला ते पटलं नाही. जमीन आपली, त्यांना कशाला, असं तो स्पष्ट म्हणाला. पैशाचे तीन भाग करावेत असं मी सुचवलं: एक मालकांना, एक वाडीच्या विहिरीसाठी आणि सिलिंडरसाठी, एक धनगरवाड्याच्या चाऱ्यासाठी. त्यावर तासभर वाद झाला आणि तो मिटला नाही. खालच्या वाडीतली काकी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. उठताना म्हणाली, “बाय गो, रान राखा खुशाल. पण मी फाटी आणायची कुठून, ते पण लिहा त्यात.”

मसुद्यात सध्या एकच ओळ सगळ्यांना मान्य आहे आणि ती तिची आहे: पडलेलं सुकं लाकूड उचलायला कोणालाही मनाई नाही.